डॅडचा पडदा

नव्या फोनच्या काचेवर चिकटवलेला पातळ पापुद्रा रसेल पास्को घाईने काढत नसे. फोन घरी आला की रात्री जुन्यातलं सगळं नव्यात भरायला लावायचं आणि सकाळी ग्लेनेल्गहून अ‍ॅडलेड शहरात जाणाऱ्या ट्रॅममध्ये खिडकीशी बसून, कोपऱ्याला नख लावून, तो पापुद्रा एका दमात सोलायचा, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. सोलताना होणारा तो बारीक आवाज, खालून निघणारी काळी काच, तिच्यावर अजून एकाही बोटाचा ठसा नाही, हे त्याला इतकं आवडे की कधी कधी वाटे, फोन नुसतं निमित्त आहे. त्याची बायको, जोडी, म्हणायची, काहींचे नवरे रविवारी चर्चला जातात, माझा खोकी उघडतो. त्या सकाळी पापुद्रा निम्मा निघाला होता. समोरच्या बाकावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी टोस्टच्या कडा तेवढ्या खात होती, आतला मऊ भाग तसाच ठेवून. रसेल तिच्याकडे बघत होता आणि फोन हातात थरथरला. कोऱ्या काचेवर पहिलीच अक्षरं उमटली, 'डॅडचा पडदा उघडला.' शेजारी एका घराचं इवलंसं चित्र, खिडकीत पिवळा सूर्य. डॅडला पुरून पाच आठवडे झाले होते.

त्याने पापुद्रा परत दाबून बसवला. तो नीट बसला नाही, मधे हवेचा फुगा राहिला. सात वाजले होते. म्हणजे इथून दोन तासांवर, वॉलरूला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत असलेल्या एका रिकाम्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा पडदा आत्ता गुरगुरत वर गेला होता. घराची वीज तोडलेली नव्हती, घर विकणाऱ्या एजंटाला गिऱ्हाइकांना दाखवायला दिवे हवे होते. म्हणजे तो रोज जात असणार. रोज सकाळी सातला वर, संध्याकाळी खाली, आत कोणी नाही आणि तरी. जुन्या फोनवर ही सूचना त्याने गप्प केली होती. नव्या फोनला त्याचा पत्ताच नव्हता. माणसाचं सगळं इकडून तिकडे जातं, फोटो, निरोप, पासवर्ड, सासूचा वाढदिवस; फक्त कशाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं जात नाही. ही त्या कंपनीची ढिलाई आहे असं त्याच्या मनात आलं, यावर नादिष्टांच्या ऑनलाइन फोरमवर लिहायला हवं असंही आलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. ट्रॅम घंटा वाजवत रस्ता ओलांडत होती.

रसेलला नव्या वस्तूंचा नाद होता म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणण्यासारखं होतं. त्याच्या घरात कुंड्यांना तहान लागली की त्या निरोप पाठवायच्या. कचऱ्याचा डबा आज हिरवा की पिवळा ते सांगायचा. बाथरूमचा दिवा अपडेट होत असला तर जोडीला दारात उभं राहून थांबावं लागायचं, आणि ती थांबायची, शिव्या घालत का होईना. लोक बाजारात पक्की वस्तू आली की घेतात. रसेल कच्च्या आवृत्तीचा माणूस होता. कंपनी जे अजून चाचपून बघतेय, ज्यात काय मोडेल ते तिलाही ठाऊक नाही, ते आधी त्याच्याकडे हवं असायचं. मोडलं तरी चालायचं, मोडण्यातही गंमत होती. दिवसभर तो एका विमा कंपनीत लोकांचे बिघडलेले संगणक जागेवर आणायचा, शांतपणे, न रागावता, आणि घरी येऊन चांगले चाललेले स्वतःच्या हाताने बिघडवायचा. या सगळ्याच्या मुळाशी एक क्षण होता. काल होत नव्हतं ते आज होतं, तो क्षण. बोट लावलं आणि दुसऱ्या खोलीतला दिवा लागला. एवढंच. त्या क्षणात तो चाळीस वर्षांनी लहान व्हायचा, आणि वस्तू त्याच्या सवयीची झाली की परत मोठा, जरा ओशाळलेला, आणि मग पुढचं खोकं.

पहिलं खोकं डॅडने आणलं होतं. रेक्स पास्को वॉलरूच्या धक्क्यावर गव्हाच्या कोठारांत काम करायचा, आणि सुगीच्या दिवसांत घरी आला की कानांच्या पाळ्यांत, भुवयांत, बुटांच्या भोकांत गव्हाची धूळ असायची. असाच धुळीसकट तो एका शनिवारी अ‍ॅडलेडला गेला आणि टीव्हीला जोडायचा संगणक घेऊन आला. पोराने शाळेत बघितलेला, वर्षभर जेवताना ज्याचं नाव काढलेलं, तोच. आईने कपाळाला हात लावला. डॅडने तो जोडला नाही, त्याला जमणारं नव्हतं. तो मागे स्टूल घेऊन बसला आणि रसेलच्या खांद्यावरून निळ्या पडद्याकडे बघत राहिला.

"काय म्हणतंय रे ते?"

"तयार आहे म्हणतंय."

"कशाला?"

"आपण सांगू त्याला."

रेक्स किती तरी वेळ हसला. "माझ्या जन्मात माझं ऐकायला तयार असलेलं हे पहिलंच," तो म्हणाला. नंतर दर सुट्टीत, दर नव्या वस्तूपुढे, म्हातारा झाल्यावरही, तो तेच विचारायचा, काय म्हणतंय रे ते, आणि रसेल सांगायचा. बापलेकांत दुसरं बोलणं फारसं नव्हतं. खेकडे पकडायला धक्क्यावर जायचे तेव्हाही तासन्‌तास गप्प. पण एखादी डबी मधे ठेवली की दोघांची तोंडं उघडायची. आई गेली त्या वर्षी रसेलने बापासाठी बोललेले हुकूम ऐकणारा स्पीकर नेला तो काही संगीतासाठी नव्हे, हे त्याला आत्ता, ट्रॅममध्ये, पहिल्यांदा नीट कळलं.

पडद्याची भानगड मात्र स्पीकरच्याही आधीची. आईमागोमाग रस्त्यापलीकडच्या ग्लेनिस रो हिचा नवराही गेला, आणि समोरासमोरच्या दोन स्वयंपाकघरांत एकेक माणूस उरलं. तेव्हा या दोघांनी, कसलाही गाजावाजा न करता, चहा पिता पिता एक ठरवून टाकलं. सकाळी उठलं की खिडकीचा पडदा वर करायचा. वर गेला म्हणजे माणूस आहे. आठच्या बातम्यांपर्यंत गेला नाही, किंवा दिवसाउजेडी खाली आला, तर दुसऱ्याने किल्ली घेऊन यायचं. वॉलरूत बरेच म्हातारे असं करायचे. फोन करून 'जिवंत आहेस का' विचारायची कुणालाच सवय नव्हती, पडदा बरा. पुढे रेक्सचा खांदा निकामी झाला. पडद्याची दोरी ओढताना तो तोंड वाकडं करायचा, ते रसेलने ईस्टरला बघितलं आणि त्याच्या अंगात आलं. महिन्याभरात मोटर बसली. दोरी काढून टाकली, खिडकी किती स्वच्छ दिसायला लागली. नुसतं सांगायचं, 'पडदा, वर', 'पडदा, खाली'. आणि सकाळी सातला वर, अंधार पडला की खाली, यासाठी तर सांगायचीही गरज नाही, आपोआप.

"मग ग्लेनिसला कळणार कसं?" परतताना गाडीत जोडीने विचारलं होतं.

"काय कळणार कसं?"

"तो उठलाय की नाही ते. पडदा आता तसाही वर जाणार ना."

"घड्याळ दिलंय की हातात. पडला तर ते थेट मला कळवेल. ग्लेनिसच्या आधी."

"घालेल तो घड्याळ?"

"जोडी, एक चांगलं झालंय तर होऊ दे ना."

रेक्स घड्याळ घालत नव्हता. ते मनगटावर गुणगुणतं, उभा राहा म्हणून सांगतं, म्हणून त्याने ते चमच्यांच्या खणात ठेवलं होतं, आणि फोनवर विचारलं की 'आहे रे हातात' म्हणायचा. पण पडदा त्याला मनापासून आवडला. आयुष्यभर मुकादमांचं ऐकलेला माणूस तो; पहिल्या दिवशी ग्लेनिसला बोलावून त्याने पडदा इतक्या वेळा वरखाली केला की मोटर गरम झाली. पहाटे पाचला उठायची सवय, चहा घेऊन अंधारात समोर बसायचा आणि सातला पडदा वर गेला की म्हणायचा, थँक यू. याखेरीज त्या स्पीकरला तो काही सांगत नसे. एकदा तो खोकताना काहीतरी बोलला तर स्पीकरने थेट मॉरीनला, आईच्या बहिणीला, फोन लावला, तोही भल्या सकाळी, आणि दोघांचं वीस वर्षांचं भांडण उकरून निघालं. "हे फोनबिन बंद कर याचं," तो म्हणाला, "मला कुणाशी बोलायचं असेल तर मी बोलेन." रसेलने स्पीकरवरून फोन लावायची सोय बंद केली. मग उन्हाळ्यात दुसरी गंमत झाली. टीव्हीवर क्रिकेट, खिडकीतून ऊन, रेक्सने पडदा खाली घेतला आणि विसरला. ग्लेनिस पिठाच्या हातांनी, एकाच पायात सपात, किल्ली घेऊन धावत आली आणि हा खुर्चीत बिअर पीत बसलेला. ती पायरीवर बसून रडली म्हणे. रेक्स शरमला. "असं काही कर," तो म्हणाला, "की दिवसा तो खाली राहायलाच नको. मी विसरलो तरी." रसेलला दहा मिनिटं लागली. दिवसा पडदा खाली गेला, तर दोन मिनिटं वाट बघायची आणि परत वर करायचा. त्याने हा नियम फोरमवर टाकला, वर लिहिलं, विसरभोळ्या वडिलांसाठी आणि घाबरट शेजारणींसाठी. जगभरातून अंगठे आले. जर्मनीतल्या कुणीतरी लिहिलं, किती प्रेमळ मुलगा. त्या संध्याकाळी तो खरंच सुखी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तो पुढच्याच थांब्यावर उतरला आणि उलट दिशेच्या ट्रॅमची वाट बघत उभा राहिला. ऑफिसला कळवलं, बरं नाही. हे खोटं नव्हतं. फक्त ते आजचं नव्हतं. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ग्लेनिसचा फोन आला तेव्हाचं होतं. रेक्स स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात सापडला, भिंतीला डोकं लागलेलं, एक बूट निघालेला. "पडदा वर होता, रस," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "रोज वर होता." मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. बहुधा बुधवारी सकाळी. नक्की वेळ सांगता येणार नाही, पण अशा वेळी बरेचदा लगेच संपतं, फार कळतही नाही. 'बरेचदा' हा शब्द रसेलने ऐकला आणि बाजूला ठेवला, 'लगेच' तेवढा खिशात घातला. लगेच संपलं असेल तर पडदा वर असो की खाली, काय फरक पडतो. ग्लेनिस आठला आली असती तरी काय मिळालं असतं. या एका शब्दावर तो पाच आठवडे जेवला होता, झोपला होता, नवा फोन मागवू शकला होता.

पण बुधवार होता. बुधवारी दुपारी एका बैठकीत त्याचा जुना फोन टेबलावर थरथरू लागला. डॅडचा पडदा उघडला. थोड्या वेळाने परत, डॅडचा पडदा उघडला. परत. शेजारच्या बाईने भुवई उंचावली. रसेल हसला, कारण त्याला कारण ठाऊक होतं. सोमवारी घरातल्या वस्तू चालवणाऱ्या प्रणालीची कच्ची आवृत्ती आली होती, रात्रीच त्याने ती आपल्या घरावर आणि इथूनच बापाच्या घरावर चढवली होती, आणि फोरमवर सकाळपासून लोक बोंबलत होते की एकच सूचना दहादहादा येतेय. "सॉफ्टवेअरची उचकी आहे," तो बाईला म्हणाला, आणि ती सूचना त्याने गप्प केली. एक बोट, डावीकडे, बस. उचकीच होती ती. असायलाच हवी होती. पाहायचं असतं तर पाहता आलं असतं, पडदा कधी खाली गेला, कधी वर, सगळं महिनाभर साठून राहतं. टोस्टर किती वेळ चालला तेही बघणारा हा माणूस, पण ते पान त्याने उघडलं नाही. महिना उलटला, पान आपोआप पुसलं गेलं, आणि त्या दिवशी त्याने घरी जाताना वाईन नेली. जोडीने विचारलं, कशाबद्दल? तो म्हणाला, सहज.

गाडीची किल्ली घ्यायला घरी गेला तर जोडी दारातच भेटली, ऑफिसला निघालेली.

"वॉलरूला जातोय. पडदा बंद करून येतो. रोज उघडतोय तो."

"इथून नाही का बंद होत?" ती म्हणाली. "तुझं सगळं इथूनच होतं ना."

होत होतं. फोन तिच्यासमोर हातातच होता. त्याने तो खिशात सरकवला. जोडीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्याची कॉलर उगीच सरळ केली. "सावकाश जा," ती म्हणाली. "आणि ग्लेनिसकडे चहा घे. नुसता वायरी काढून पळून येऊ नकोस."

रस्त्याला कापणी चालू होती. दोन्ही बाजूंना शेतं खुंटांपर्यंत उतरलेली, आणि गव्हाचे लांबलचक ट्रक वॉलरूच्या दिशेने, त्यांच्या मागून उडणारी धूळ काचेवर बसत होती. गाडीच्या पडद्यावर पुढचा रस्ता निळ्या रेघेत दिसत होता. हा रस्ता त्याला डोळे मिटून येत होता तरी तो रेघेकडेच बघून चालवत राहिला. नवा फोन खिशात होता, पापुद्र्यासकट. मधेच वाटलं, थांबावं, त्या हवेच्या फुग्यावर बोट फिरवून तो कडेला सारावा. मधेच वाटलं, घरी पोचल्यावर डॅड विचारेल, नवा का रे? काय म्हणतोय? असं वाटणं एखाद्या सेकंदाचंच, पण त्या सेकंदात त्याचं तोंड हसायला तयार झालेलं असायचं आणि मग ते परत मिटायला लागायचं. कोठारं दिसू लागली. लहानपणी ती दिसली की तो म्हणायचा, डॅड दिसला. आता ती नुसतीच उंच आणि पांढरी उभी होती. समुद्राचा वास यायच्या आधी धान्याचा वास आला.

ग्लेनिस व्हरांड्यात जर्दाळूंचा टोपला मांडीवर घेऊन बिया काढत बसली होती, खांद्यावर चहाचा टॉवेल. त्याला बघून तिने उठायचा प्रयत्न केला आणि टोपल्यामुळे परत बसली.

"रस! कळवून तरी यायचं रे. घरात काही नाही, बिस्किटं आहेत फक्त."

"असू द्या, ग्लेन आंटी. पडदा बंद करायला आलोय."

"तो होय? जातो बाई रोज वर." तिने हात टॉवेलला पुसले. "मातीनंतर दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी, आणि गेला की वर. छातीत धस्सच झालं. मग म्हटलं, यंत्र आहे, त्याला कोण सांगणार मालक गेला म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या सकाळीही हाच जात होता. रेक्स नव्हे. मी मूर्ख, रोज बघून चहा ठेवत होते."

"तुमचा काही दोष नाही त्यात."

"नाही कसा? ठरलेलं होतं आमचं." ती एक बी बोटांनी दाबत राहिली. "रात्ररात्र तेच येतं रे मनात. पण एक गोष्ट आहे तिनं मला बरं वाटतं. तुला सांगायचीच होती, दफनाच्या दिवशी तू असा उभा होतास की माझी हिंमत झाली नाही. ते डॉक्टर म्हणतात ना बुधवारी सकाळीच गेला म्हणून, काही नाही तसं. डॉक्टर कुठं खिडकीत होते. बुधवारी दुपारी छान होता तो. खेळत होता."

"खेळत?"

"पडद्याशी रे. तू दिलेल्या. मी इथं मटार सोलत होते. बघते तर पडदा खाली. माझ्या हातातून वाटीच पडली. किल्ली घेतली, फाटकापर्यंत गेले, तेवढ्यात वर. बरं म्हटलं, उन्हासाठी घेतला असेल. परत येऊन बसते तर परत खाली. परत वर. यंत्राचं काम सातचं सातला, ते असं दुपारी कशाला करेल? हा आपला तोच बसलाय हुकूम सोडत, पहिल्या दिवशी करत होता ना, तस्सा. मला इतकं हसू आलं. मी टॉवेल हलवला त्याला. म्हटलं, म्हातारचळ लागला का रे. ऐकू गेलं नसेल, काच होती मधे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "संध्याकाळपर्यंत चाललं होतं त्याचं. तेवढं मनात धर, रस. शेवटच्या दिवशी तुझ्या खेळण्यानं त्याचा वेळ मजेत गेला. सगळ्यांच्या नशिबी असतं का असं?"

व्हरांड्याच्या पत्र्यावर कुठली तरी फांदी घासत होती. रसेलला स्वतःचा आवाज लांबून ऐकू आला. "आणि गुरुवारी?"

"गुरुवारी सकाळी एकदा." ती आठवू लागली. "हो, एकदाच. मग नाही. चहा ठेवते, बस."

तो बसला. तिने चहा आणला, त्याने प्यायला, बिस्किट खाल्लं, ते गळ्याखाली गेलंसुद्धा. सांगायचं होतं की नव्हतं, हा प्रश्न आलाच नाही. तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, ती तिने जपून ठेवली होती आणि आज अर्धी काढून त्याला दिली होती. तो तिला काय सांगणार, की फाटकापर्यंत आली होतीस तेव्हा अजून दहा पावलं टाकायला हवी होतीस, आणि तुला मागे फिरवलं ते माझ्या दोन मिनिटांच्या नियमाने? निघताना ती म्हणाली, "दोन बाटल्या जॅम देईन, जोडीला." तो म्हणाला, थँक यू.

घरात बंद दारांचा वास होता. त्याने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. पडदा वर होता, वरच्या नळीत घट्ट गुंडाळलेला, आणि रस्त्यापलीकडे ग्लेनिस टोपला घेऊन परत बसलेली दिसत होती, इतकी जवळ की तिच्या टॉवेलवरचे चौकोन मोजता आले असते. स्पीकरची पांढरी डबी शेल्फवर होती. तिच्यामागची वायर ओढली की संपलं असतं. त्यासाठीच तो आला होता. त्याने वायरीला हात लावला आणि काढून घेतला. मग तो बोळात गेला. गालिचाचा तेवढा तुकडा कापून नेलेला होता, खाली लाकूड दिसत होतं. रसेल आधी गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, भिंतीला डोकं लावून. इथून खिडकी दिसत नव्हती. खिडकीतून येणारा उजेड तेवढा दिसत होता, समोरच्या भिंतीवर, एक लांब उभा पट्टा. म्हणजे म्हाताऱ्याला एवढंच दिसत असणार.

"पडदा, खाली," तो म्हणाला. काही झालं नाही. इथून त्या स्पीकरपर्यंत पोचायला आवाज चढवावा लागत होता. त्याने चढवला. एका बाजूने लुळ्या पडलेल्या तोंडाने हे किती वेळा म्हणावं लागलं असेल तेव्हा एकदा ऐकलं गेलं असेल, हा विचार त्याने केला नाही, तो आपण होऊन आला आणि त्याच्या छातीवर बसला. मोटर गुरगुरली. भिंतीवरचा पट्टा वरून खाली आखडत गेला आणि बोळात अंधारलं, गार, जवळजवळ छान. मग शांतता. रसेलच्या लक्षात आलं की तो कान देऊन ऐकतोय. आता तिला दिसलं असेल. आता वाटी खाली ठेवली. आता किल्ली, खुंटीवरची. आता पायऱ्या, फाटक. सगळं बरोबर केलं होतं म्हाताऱ्याने. दोनच हुकूम येत होते त्याला, आणि त्यातला नेमका एक, जो सगळ्या शहाण्यांना सुचला नसता. त्याने ठरलेलं पाळलं होतं. रसेलला रडू आलं नाही. त्याच्या अंगभर एक वेडी आशा पसरली, कुणीतरी येतंय अशी, आणि ती आपली नाही हे कळत असूनही त्याने ती येऊ दिली.

मोटर परत गुरगुरली. पट्टा खालून वर वाढत गेला, लख्ख, त्याच्या डोळ्यांपर्यंत. खिशात नवा फोन थरथरला. त्याने तो बघितला नाही, काय म्हणतोय ते त्याला ठाऊक होतं.

"अरे वा," उघड्या खिडकीतून, रस्त्यापलीकडून, ग्लेनिसचा हसरा आवाज आला. "तू पण लागलास का खेळायला? अगदी बापावर गेलायस, रस."

ती टॉवेल हलवत असणार. रसेलने छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा मोठ्याने म्हटलं, "पडदा, खाली."